पायी चालणाऱ्या पद्मिनीकाकू

शिकागोच्या पश्चिमेला एका छोट्या गावात राहणाऱ्या पद्मिनीकाकू आठल्ये ड्रायव्हिंग टेस्टमध्ये चारदा नापास झाल्या आणि पाचव्यांदा गेल्याच नाहीत. वीस वर्षं त्या गावात पायीच हिंडल्या. तिथे पायी कुणीच जात नसे, त्यामुळे एखादा भला माणूस गाडी थांबवून "काही मदत हवीय का?" असं विचारायचाच.

२००५ साली मेन स्ट्रीटवर चार मजली इमारतीचा प्रस्ताव आला. तळमजल्यावर पार्किंग आणि रस्त्याच्या बाजूला नुसती विटांची भिंत. मंजुरीआधीच्या जाहीर सुनावणीत बोलायला काकूंनी नाव दिलं.

"आपल्याला काय करायचंय त्यात?" प्रल्हादराव, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले.

"तुम्ही गाडीतून भुर्रकन जाता. त्या भिंतीशेजारून चालायचंय मला!"

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळायची. काकूंनी लिहून नेलेलं भाषण पर्समध्ये सापडेना. शेवटी त्यांनी समोर बसलेल्या गावाच्या नियोजन समितीच्या सात सदस्यांनाच विचारलं, "तुमच्यापैकी त्या रस्त्याने पायी कोण जातं?"

सातांपैकी एकानेही हात वर केला नाही.

"मी रोज जाते. मला भिंत नको, दुकानं हवीत," एवढं बोलून काकू खाली बसल्या. अडीच मिनिटं शिल्लक होती.

महिन्याभराने इमारत मंजूर झाली, पण तळमजल्यावर रस्त्याकडे दारं असलेली दुकानं हवीत, या अटीवर. प्रल्हादरावांनी ही बातमी बायको निवडणूक जिंकल्याच्या थाटात सगळ्यांना फोन करून सांगितली.

दोन वर्षांनी पहिलं दुकान उघडलं, ते कुत्र्यांचे केस कापण्याचं. ताज्या भाजीची आस लावून बसलेल्या काकू खट्टू झाल्या. मग काचेपलीकडे ड्रायरसमोर डोळे मिटून बसलेलं एक ऐटबाज कुत्रं त्यांना दिसलं, आणि त्या वीस मिनिटं तिथून हलल्या नाहीत.