देवराईतला तास

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लोणावळ्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. आवाज असा की मी तुंगार्लीत ‘बसा’ म्हटलं, तर तळेगाव स्टेशनवर उभी असलेली माणसं बाकांवर बसत. माणसानं निसर्गाशी कसं वागावं, हा विषय मात्र मी वर्गात शिकवत नसे. पोरांना रानात न्यायचं, नुसते प्रश्न विचारायचे, उत्तर समोरच्याच्या तोंडून काढायचं. या पद्धतीनं मी भल्याभल्यांना वळवलं होतं. एका म्हशीनं तर माझं ऐकून शेजारच्या शेतातून पाय मागे घेतला होता.

एका हिवाळ्यात कळलं, डोंगरातल्या एका वाडीची देवराई तुटणार. कोळशाचा ठेकेदार लाकूड नेणार आणि बदल्यात देवाला सिमेंटचं देऊळ बांधून देणार. देवाच्या नावानं राखलेलं रान ते; तिथली काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. आत सावली इतकी दाट की भर दुपारी कावळे संध्याकाळ समजून घरट्यात शिरत. ते वाचवायचंच म्हणून अख्खा वर्ग घेऊन मी वाडीवर चढलो.

वाडी देवापुढं जमलेली. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी टेकून विड्या ओढत बसलेली. मी पुजारी आबांसमोर मांडी ठोकली.

“आबा, ही झाडं कुणाची?”

“देवाची.”

“मग तोडायची परवानगी कुणी द्यायची?”

“देवानंच.”

मी पोरांकडं असं पाहिलं, की त्यांनी वह्या उघडल्या.

“विचारलंत त्याला?”

आबांनी देवाकडं वळून पाहिलं. मग म्हणाले, “न्हाई बा. ते ऱ्हायलंच.”

“मग विचारा की.”

“व्हय, सरांचं बराबर हाय,” मागून एक मावशी म्हणाली. “देवाचं रान, अन् देवालाच पत्ता न्हाई.”

आबांनी अंघोळ केली आणि देवाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक पाकळी ओल्या बोटानं चिकटवली. हा त्यांचा कौल. उजवी आधी पडली तर तोडा, डावी पडली तर हात लावू नका.

डावी पाकळी थरथरली. माझा श्वास असा अडकला की वरच्या पानांची सळसळ थांबली. ती लोंबली, आता पडणार, पडणार.

उजवी पडली.

“पुन्हा लावा,” मी म्हणालो.

“नापास पोरगं पेपर पुन्ना तपासा म्हनतं, तसं करताय सर,” आबा म्हणाले. वाडी हसली. माझी पोरंही हसली. “देवाला दोनदा इचारत न्हाईत. इतके दिस रान तोडायचं आमच्या मनात लय भ्या हुतं. तुमी इचारायला लावलं, आता जीव हलका झाला.”

माझ्या शेजारची विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, पुढचा प्रश्न विचारा ना.”

मी शोधला. जन्मभर प्रश्नांवर जगलेला माणूस मी. त्या वेळी एकही सापडेना. देव दगड आहे म्हणावं, तर झाडं लाकूडच उरत होती.

आबांनी नारळ माझ्या हातात दिला. पहिल्या झाडापुढं फोडायचा मान माझा होता. सगळे वाट पाहत उभे होते, कुऱ्हाडवालेसुद्धा विड्या विझवून उठले होते.

मी फोडला. पाणी मुळांवर सांडलं. मावशीनं खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.