लिदीपुरता हत्ती

जनावरं हाकलण्यात पिंगळीच्या शिवारात माझा हात धरणारा कुणी न्हाई. गेल्या साली रानडुकरांनी निम्मा मका खाल्ला, तवा मी राखणीच्या माळ्यावरच होतो. घोरत.

अशा माणसाला जावयानं आफ्रिकेच्या जंगलात नेलं. त्यो तिकडं साखर कारखान्यात हाय. बायकोचं मागणं एकच, हत्ती जवळून बघायचा. लहानपणी तिच्या माहेरी, पेडगावात, गोसावी हत्ती घेऊन आलता, तवा ही रानात खुरपायला गेलती. परत आली तर रस्त्यात नुसती लीद. तवापासून हत्ती राहिला त्यो राहिलाच.

मला वाटलं, परदेश म्हणल्यावर झुंबरं असतील. तर कापडाचा तंबू, दोन खाटा, आन आंघोळीला झाडाला टांगलेली बादली. दोरी हळू वढायची, म्हंजी पाणी पडतंय. मी बैलाचा कासरा वढावा तशी वढली, बादलीच डोस्क्यात आली. बायको लय हसली. म्हणली, "इथं आणून तुमची अक्कल न्हाई वाढली, पर टेंगूळ वाढलं."

दोन दिवस जीपमधी फिरलो. हत्ती दिसले, पर लांब, ढेकळाएवढे. परतीच्या दिवशी सकाळी ती तंबूमागं आंघोळ करायली, मी म्होरं पत्र्याच्या ताटात नाष्टा घेऊन पेंगायलो.

जावयानं खांदा दाबला. "मामा, हलू नका. मामीला आणतो." वीस पावलांवर हत्ती, तंबूम्होरच्या हौदातलं पाणी प्यायलाय! जावई चवड्यावर मागं गेला. मी श्वाससुदिक धरला.

तेवढ्यात हत्तीनं फांदी मोडली. कडाड! माझ्या कानाला त्यो मका मोडल्याचा आवाज. हात आपोआप उठले. ताटावर चमचा बडवत मी वरडलो, "हुर्र्योऽऽ! हाऽऽ हाऽऽ!"

हत्तीनं येड्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं, आन गेला झाडीत. मग मला भ्या वाटलं, मी पळत तंबूत, खाटंखाली.

बायको वल्ल्या केसानं, एका पायात चप्पल, पळत आली. हौदापाशी ताजी लीद. त्या लिदीकडं बघत उभी राहिली बिचारी. मग तंबूत येऊन वाकून खाटंखाली बघितलं.

"आवं, जल्मात एक डुक्कर हाकलता आलं न्हाई तुमाला, आन माझा हत्ती तेवढा बरा हाकलला!"