चाळीस उंट आणि टँकरभर गोडं पाणी

म्हातारा उंटावर बसून ओरडत होता. दोन्ही हात वर, डोक्यावरचं फडकं सुटून वाऱ्यावर, आणि आवाज असा की आमच्या टँकरच्या इंजिनानं लाजून गप्प बसावं. मी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्याच्याहून जोरात हलवला.

"काहून ओरडून राहिला बे तो?" शेजारच्या सलीमनं विचारलं.

"जेवाले बोलावून राहिला."

आता यात माझं काय चुकलं? आमच्या वऱ्हाडात धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) कोणी एवढा जीव तोडून ओरडला, तर भाकर तरी तयार असते नाहीतर चहा तरी उकळत असतो. भांडायचं असेल तर माणूस जवळ येऊन हळू बोलतो. म्हणून मी पुन्हा एकदा हात हलवला आणि टँकर पक्क्या वाटेवरून उतरवून पांढऱ्या सपाट मैदानात घातला.

पण आधी मी त्या मैदानापर्यंत पोचलो कसा ते सांगतो.

मी दर्यापूर तालुक्यातला, फौजेत ड्रायव्हर. निळ्या टोपीच्या शांतिसेनेत, समुद्रापलीकडच्या एका वाळवंटी देशात वर्षभरासाठी माझी नेमणूक झाली. देशाचं नाव सांगणार नाही. फौजेत तोंड बंद ठेवायला शिकवतात. माझ्या बाबतीत त्यांना ते या नावापुरतंच जमलं. निघताना अकोला स्टेशनवर बाबा सोडायला आले होते. गाडी हलली तसा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून खिडकीतून माझ्या मांडीवर फेकला. "उन्हाचा बांधजो," एवढंच म्हणाले, आणि पाठ फिरवून चालू लागले.

तिथं विमानातून उतरलो आणि वाटलं, कोणीतरी तोंडासमोर भट्टीचं दार उघडलं. आम्ही अकोल्याचे मे महिने काढलेली माणसं, ऊन आम्हाला नवं नाही. पण तिथलं ऊन आमच्या उन्हाचा थोरला चुलता. दुपारी सावली स्वतःच गाडीखाली जाऊन बसायची. सामान मात्र सरकारनं भरपूर दिलं. छातीवर गोळी अडवणारं जाकीट, जणू ज्वारीचं पोतं अंगावर बांधून फिरतोय. डोळ्यांवर वाळूचा चष्मा, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडापाशी, म्हणजे फौजेनं आम्हाला पुन्हा तान्हं बाळ केलं. हे सगळं कामाचं होतं, मी त्याचे आभारच मानतो. पण वाळूचं वादळ उठलं की तोंडाला दर्यापूरच्या बाजारातला तो दुपट्टाच लागायचा.

सलीम माझा रेडिओवाला. तो पातूरचा. एवढ्या मोठ्या जगात दोन वऱ्हाडी एकाच गाडीत बसवले, हा फौजेचा माझ्यावरचा सगळ्यात मोठा उपकार. आमचं काम तळावरून दूरच्या चौकीला गोडं पाणी पोचवायचं. त्या दिवशी चौकीची टाकी आटत आली होती. जवानांपाशी संध्याकाळपुरतं पाणी उरलं होतं. पक्की वाट मोठा वळसा घालून जायची. आणि मध्ये ते पांढरं मैदान, वर मीठ फुललेलं, भेगाळलेलं.

पाहताक्षणी माझा ऊर भरून आला. आपला खारपाणपट्टा! (विहिरीला खारं पाणी लागतं तो आमचा मुलूख.) उन्हाळ्यात आमची काळी माती अशीच भेगाळते, तिच्यावर असंच मीठ फुलतं, आणि ती एवढी टणक होते की नांगराचा फाळ तिला विचारून आत जातो.

"वस्ताद, रस्त्यानं चाल," सलीम म्हणाला.

"अबे, मी या मातीत जन्मलो."

टँकर मैदानात त्याच्या पाण्याच्या पाइपाएवढं अंतर गेला असेल. पापड मोडावा तसा आवाज आला आणि मागची चाकं आसापर्यंत खाली. वर मिठाचा पापड, खाली चिखल! आमची माती असं कपट करत नाही. मी ॲक्सिलेटर दाबला, तसा टँकर आणखी बसला, म्हशीनं डोहात बसावं तसा निवांत.

सलीमनं रेडिओवर कळवलं. पलीकडून सुभेदारसाहेब गरजले, "रिकव्हरी गाड़ी कल आएगी। आधा पानी गिरा दो, गाड़ी हल्की करके निकालो!"

हुकूम बरोबरच होता. मी मागे गेलो, पाणी सोडायच्या कॉकवर हात ठेवला. आणि हात हलेना. घरी आम्ही गोड्या पाण्याच्या टँकरमागं बादल्या घेऊन धावलेली माणसं. आजीनं तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी बैलाला दिलेलं मी पाहिलं. आणि मी हे मिठात ओतू? नाही ओतलं तर चौकीवरचे जवान तहानलेले. त्या कॉकपाशी मी वाळवंटात पहिल्यांदा गप्प झालो. सलीम आजही सांगतो, ते पाहून त्याला भीती वाटली.

तेवढ्यात म्हातारा आला. मी दोनदा हात हलवून त्याला वाटेला लावलं होतं, तरी आला. मागं त्याचे उंट, चाळीस. सलीम म्हणतो अठ्ठावीस. पण सलीमला मोजायची घाई असते. सलीमनं मदरशातली अरबी काढली. चहाच्या टपरीवर कोणी संस्कृतात चहा मागावा तसं झालं असणार, कारण म्हातारा पोट धरून हसला. मग लहान पोराशी बोलावं तसा एकेक शब्द बोलला.

"नाव हमदान," सलीमनं सांगितलं. "जवळची विहीर आटली म्हणते. दुसरी दोन दिवसांवर. उंटाईनं लय दिवस पाणी नाही पाह्यलं."

मी उंटांकडे पाहिलं. टँकरकडे पाहिलं.

"सलीम, साहेबाले विचार. गिरानाच आहे त उंटात गिराऊ का?"

रेडिओ खरखरला. मग आवाज आला, "गिराना ही है ना? कहाँ गिराते हो, तुम जानो।"

काठावरच्या वाळूत खड्डा खणला, ताडपत्री अंथरली, पाइप सोडला. उंट प्यायला लागले. बापा! ते पाणी पीत नव्हते, आत भरून ठेवत होते. एकेकाचं पोट डोळ्यांदेखत फुगत होतं. एक तर एवढं प्याला की त्याच्या कुबडाला दुसरं कुबड येतं की काय असं वाटलं. खड्ड्यापर्यंत मान न पोचणाऱ्या पिल्लाला मी निळ्या हेल्मेटमधून पाजलं. देशानं डोकं वाचवायला दिलेली वस्तू एवढ्या चांगल्या कामी मी परत कधी आणली नाही.

इकडे टँकर हळूहळू उठत होता. चाकांतली हवा कमी केली, खाली लोखंडी पट्ट्या सारल्या. एक पट्टी कमी पडली. हमदानचाचांनी उंटावरचं घोंगडं ओढलं आणि चाकाखाली घातलं. गाडी मागे निघाली, घोंगड्याच्या चिंध्या झाल्या. मी बाबांचा दुपट्टा सोडून त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांनी तो नाकाला लावून वास घेतला आणि डोक्याला बांधला.

जाताना त्यांनी निखाऱ्यांखाली वाळूत भाजलेली जाड भाकर दिली. चव थेट आमच्या रोडग्याची (गोवरीच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्याची). मी ठेच्याची डबी पुढं केली. त्यांनी बोटभर चाटला, आणि पुन्हा ओरडले. या वेळी मी हात हलवला नाही. अंधार पडायच्या आत उरलेलं पाणी चौकीवर पोचलं.

वर्ष सरलं. अकोल्याला उतरलो, जीपमध्ये कोंबून घेत गावी आलो. बाबा नळाखाली हंडा लावून बसले होते. आठवड्यानं पाणी आलं होतं. माझ्याकडे पाहून डोळे पुसले, आणि पहिला प्रश्न, "दुपट्टा कुठं हाय?"

मग मी सगळं सांगितलं. उंट तोवर शंभर झाले होते. पण सांगता सांगता मी घोंगड्यापाशी आलो. वाटलं, एवढी हत्यारं, एवढी यंत्रं घेऊन आम्ही तिथं रक्षणाला गेलो, आणि आमची लाज राखली एका म्हाताऱ्याच्या घोंगड्यानं. तो माणूस मला जन्मात परत भेटायचा नाही. त्याचे आभार मानायला माझ्यापाशी त्याची भाषाही नाही.

"बाबा, खरं सांगा," मी म्हणालो. "तुमी माह्या जागी असते, त काय केलं असतं?"

बाबांनी भरलेला हंडा बाजूला सरकवला, दुसरा नळाखाली लावला.

"मी रस्त्यानं गेलो असतो."