कूलरमधली सुतळी

हे माह्या नवऱ्याले ठाऊक नाई, पोरीले नाई, समोरच्या मावशीले तर मुळीच नाई. तुमाले काऊन सांगून राह्यली? तेही मले नीट समजत नाई. पण पाण्याचा गिलास तोंडाले लावला की ते सारं आठवते — अजूनही.

ब्रह्मपुरीत आमचं घर. बाजूची खोली मी पुष्पाले किरायानं दिली होती. चिमूरकडच्या खेड्यातली पोरगी, नर्सिंगचा कोर्स करत होती. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. लहानगी लेक तिच्याचजवळ. नळाचं मीटर आमचं दोघींचं एकच, बिल अर्धं अर्धं.

तो उन्हाळा आठवते मले. आमच्याकडचं ऊन म्हणजे विचारूच नका, कूलर दिवसरात्र चालू. अन् घरामागं नालीपाशी धोपा, म्हणजे तुमचं अळू, असा मातला होता — ऐन उन्हाळ्यात! मी त्या पानांच्या वड्या केल्या. पुष्पालेही दिल्या ताटभर. हे काऊन सांगते, ते पुढं येईल.

मग बिल आलं. आकडा नेहमीच्या कितीतरी वर होता. बिल मी कधी वाचलंच नव्हतं हो. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, त्यातला फरक — कोण पाहते? खालचा आकडा पाहायचा अन् बोंबलायचं, येवढंच माह्यं ज्ञान. अन् डोळ्यासमोर कोण? पुष्पा. तिचा पांढरा ड्रेस, लेकराचे कपडे, रोजचं धुणं.

अंगणात उभी राहून बोलली मी, साऱ्या गल्लीले ऐकू जाईल अशी. "येवढं पाणी नासते का कोणी? बापाची विहीर हाये का?" ती काहीच भांडली नाई. "काकू, लेकरू लहान हाये, माह्याकूनच झालं असन," येवढंच म्हणाली.

मी तिच्या बाजूचा नळ बंद केला. ती चौकातल्या बोरिंगवरून घागरी आणायले लागली — डोक्यावर घागर, हाताले लेकरू, अन् परीक्षा जवळ आलेली. मले दिसत नव्हतं का? दिसत होतं. शेवटी खोली सोडून ती मैत्रिणीकडे राहायले गेली, दुसरी खोली मिळेपर्यंत.

पुढचं बिलही तेवढंच आलं.

तिची खोली तर रिकामी होती! घरातले सारे नळ बंद केले अन् भर उन्हात मीटरपाशी जाऊन उभी राह्यली. काटा फिरून राह्यला होता. कोणाचं पाणी हे? घराभोवती फिरत फिरत मागं गेली, अन् धोप्यापाशी पाय थबकले. कूलरच्या भोकातून धार लागली होती, सरळ नालीत.

कूलरले नळाची वेगळी लाईन हाये, अन् आत एक बॉल असते. टाकी भरली की तो वर येते अन् पाणी बंद होते. हवा गार लागत नाई म्हणून मीच तो सुतळीनं खाली बांधला होता, उन्हाळा लागल्या लागल्या. पाणी येतच राहावं म्हणून. अन् विसरली. गाठ माहीच होती.

सुतळी कापली, चुलीत टाकली. इथपर्यंत चूक म्हणा, होते माणसाकून. पण त्याच सांजेले समोरची मावशी आली. "पुष्पा माह्याकडं खोली मागून राह्यली. कशी हाये पोरगी? देऊ का?"

मले फक्त "दे" म्हणायचं होतं. एक शब्द! हातांले अजून कूलरच्या गंजाचा वास होता माह्या. अन् मी काय म्हणाली? "पोरगी चांगली हाये, पण पाणी लय नासते. पाह्य बाई तुहं तू."

बिल पुढं उतरलं, तेही मी मावशीले नेऊन दाखवलं. "पाहा, ती गेली अन् उतरलं."

मावशीकून बात पसरली; पुष्पाले आमच्या गल्लीत खोली मिळाली नाई, दुसरीकडेही नाई. लेकरू घेऊन गावी गेली. कोर्स अर्धाच राह्यला.

भेव वाटलं होतं मले, बाया हसतील याचं. हसल्या असत्या चार दिवस. त्याच्यावर काय झालं असतं?

यंदा एका लग्नाले तिच्याच गावी जाणं झालं. पुष्पानं मले मांडवातून हात धरून घरी नेलं. लेक मोठी झाली तिची. तिनं पाणी आणलं — गिलास अर्धाच.

पुष्पा हसली. "काकू, राग नका मानू. आमच्याकडं अर्धाच देतो, लागलं त पुन्हा घ्या. तुमच्यापासूनच शिकली मी. लेकीलेही सांगते, आपल्या पाण्यापायी कोणाले तरास नाई झाला पायजे."

मी ते पाणी प्याली. तहान तशीच होती. पोरीनं विचारलं, "आजी, अजून देऊ?"

मी नको म्हणाली.