तळाशी उरलेली भुकटी

परभणीला पॅसेंजरमध्ये चढलो तेव्हा एक तरुण पोरगी समोरच बसलेली होती. कुठलीही काच हातात आली की ओढणीनं दोन्ही बाजू पुसायची आणि उजेडात धरून बघायची. माझा चष्मा खाली पडला, तोही तिनं तसाच पुसून दिला.

मग पिशवीतून एक कुपी काढली. आत पिवळं पाणी.

"औषध हाय का, पोरी?"

"न्हाई काका, रुथेनियम धातूचं संयुग हाय. मीच बनवलेलं. लॅब सोडताना दोन कुप्या घेतल्या. पाण्यात ते पिवळं दिसतंय, ॲसिटोनमधी जांभळं. जिन्नस तोच, पण द्रव बदलला की उजेडातला दुसराच रंग गिळतंय."

मला अर्धंच कळलं. मान मात्र पूर्ण हलवली.

तिनं दुसरी कुपी काढली, तर झाकण सैल. ॲसिटोन उडून गेलेलं. तळाशी नुसती भुकटी.

"पुन्हा ॲसिटोन घाल की."

"परवा हळद हाय माझी. सासरचे म्हनले, लॅब बास झाली आता. तिथं कुठलं ॲसिटोन, काका?"

पूर्णा स्टेशन आलं. तिनं ती कुपी दोन्ही बाजूंनी पुसली, खिडकीकडं धरली.

"पाणीच घालीन," ती म्हणाली. "पिवळं तर पिवळं."