सभागृहातला बाक

वामनराव मंगरूळकर यांना मी प्रथम पाहिले ते एक लाकडी बाक ओढताना. मी म्युनिसिपालिटीवर नुकताच निवडून आलो होतो आणि पहिल्या सभेला वेळेआधीच पोहोचलो होतो. "तुम्ही नवे सभासद ना? मग ते टोक धरा," ते म्हणाले. आम्ही दोघांनी बाक सभागृहाच्या भिंतीशी ठेवला. आमचा स्नेह तिथून सुरू झाला.

सूत रंगवण्याचे शिक्षण घ्यायला वामनराव तरुणपणी अमेरिकेत गेले होते. तिथे गिरणीच्या एका लहान गावात ते एका गवळ्याच्या घरी राहत. तो गवळी गावच्या सभेला जाई आणि आपल्या रस्त्यावरचा दिवा का लागत नाही, हे उभे राहून विचारी. अध्यक्षांना उत्तर द्यावे लागे. अमेरिकेची एवढीच गोष्ट वामनराव पुन्हा पुन्हा सांगत.

सोलापुरात परतून सभासद झालेल्या वामनरावांनी त्या पहिल्याच सभेत ठराव आणला: सभेच्या आरंभी कोणाही गावकऱ्याने आत येऊन त्या बाकावर बसावे, प्रश्न विचारावा. "वामनराव, तिकडचे लोक हॅट घालतात. तोही ठराव आणा की," एक वकील सभासद म्हणाले. सगळे हसले. वामनरावही हसले; पण ठराव त्यांनी मंजूर करून घेतला.

बाक मात्र रिकामाच राहू लागला. तेव्हा वामनराव पेठांतून हिंडले, घरोघरी सांगितले. पुढच्या सभेला विणकरांच्या पेठेतल्या नरसम्मा आल्या. त्या दिवशी नव्या नळाचा निर्णय होता. पैसे एकाच भागापुरते होते. वामनरावांच्या गल्लीचे नाव पुढे होते, आणि तो नळ येईल या आशेनेच गल्लीने त्यांना निवडून दिले होते.

नरसम्मा उभ्या राहिल्या. वकील म्हणाले, "बाई, कोणाच्या परवानगीनं बोलताय?"

"ठरावाच्या," वामनराव उभे राहून म्हणाले.

नरसम्मा त्यांच्याकडेच वळल्या. "सायेब, तुमच्या घरात हीर हाय का न्हाय, तेवडं सांगा."

"आहे."

"उन्हाळ्यात आटती?"

"नाही."

"आमच्याकडं हीरच न्हाय. पोरी माग सोडून पाण्याला जात्यात. लई लांब हाय."

वामनराव खाली बसले. मत घेतले तेव्हा त्यांनी विणकरांच्या पेठेच्या बाजूने हात वर केला. नळ तिकडे गेला.

पुढच्या निवडणुकीत गल्लीने त्यांना पाडले. निकालाच्या दिवशी शेजारी ओट्यावरून म्हणाले, "वामनराव, आता प्या विहिरीचं पाणी!" "तुम्हीही या प्यायला," ते म्हणाले.

मी पुन्हा निवडून आलो होतो, पण त्याच सुमारास तापाने अंथरुणाला खिळलो होतो. ते रोज संध्याकाळी येत. पराभवाविषयी एक शब्दही काढत नसत. मोसंबी सोलून देत आणि सभेत काय झाले ते मलाच विचारत. मी तर सभेला जाऊच शकलो नव्हतो. एकदा तसे म्हणालो. "मग लवकर बरे व्हा. मला कळायला दुसरा मार्ग नाही," ते म्हणाले. ते खरे नव्हते. बाकाचा मार्ग त्यांनीच करून ठेवला होता. त्यावर पाऊल टाकणे त्यांना जड जात होते.

मी हिंडूफिरू लागलो, त्या महिन्यात नव्या मंडळींनी बाक काढण्याचा विषय सभेच्या कामकाजाच्या यादीत घातला. बसायला कोणी येत नाही, हे कारण. सभा सुरू होताना वामनराव आत आले. अध्यक्ष अर्धवट उठून म्हणाले, "या, इकडे खुर्चीवर या."

"माझी जागा इथे आहे," असे म्हणून ते बाकावर टेकले. नरसम्मा आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. मग वामनराव उभे राहिले. "आमच्या गल्लीतला दिवा महिनाभर लागत नाही. का?"

अध्यक्षांना उत्तर द्यावे लागले. बाकाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, पुढेही नाही.

आज वामनराव साठ वर्षांचे झाले. गुडघे दुखतात, तरी सभा चुकवत नाहीत. त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट शरीर लाभो. बाकावरून उठून प्रश्न विचारण्याचे बळ त्यांच्या पायांत दीर्घकाळ राहो. आणि त्यांच्या शेजारची जागा कधी रिकामी न राहो.