मामांची करंगळी

चहाची गरम किटली मी खाली ठेवली रे ठेवली, की मामा तिच्या तोटीत करंगळी घालायचे. "हितं अडायलंय," म्हणायचे, आणि आत अडकलेली चहापत्ती नखाने ओढून बाहेर काढायचे. किटली माझी, चहा माझा, आणि करंगळी त्यांची, लोखंडाच्या काळ्या भुकटीने माखलेली. मी ओरडायची, "मामा, प्यायचाय तो चहा!" तर म्हणायचे, "पी की. आता सरळ धार लागंल." चटका बसल्याचं चिन्ह तोंडावर कधी दिसलं नाही. आम्ही सगळे म्हणायचो, मामांचं कातडं गेंड्याचं आहे. मला त्या करंगळीचा तेव्हाही राग यायचा, आणि आता तर नुसतं नाव काढलं तरी येतो.

परभणीत गावाबाहेर निघणाऱ्या रस्त्याला गॅरेजांची एक ओळ आहे. तिथे माझी लेथ मशीनची शेड. वडिलांनी टाकलेली, भाऊ पुण्याला गेले, मी मशीनपाशी राहिले. शेजारच्या शेडमध्ये मामा. सख्खे मामा तिथे कुणाचेच नव्हते, पण सगळी ओळ त्यांना मामाच म्हणायची. त्यांचं काम एकच, इंजिनचं हेड.

गाड्यांतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. हेड म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं बिडाचं जाडजूड झाकण. त्यात भोकं असतात, पोर्ट म्हणतात त्यांना. काहींतून हवा आणि पेट्रोल आत जातं, काहींतून धूर बाहेर पडतो. ओतकामात या भोकांच्या आत कडा आणि गाठी राहून जातात. हातातल्या ग्राइंडरला बारीकसा दगड लावून त्या घासल्या, की हवेची वाट मोकळी होते आणि गाडी चढाला दमत नाही. पण जास्त घासलं तर संपलंच, कारण भिंतीच्या पलीकडे इंजिनचं पाणी फिरत असतं. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो मिस्त्री. मामा ते करंगळीने ठरवायचे. भोकात घालायचे, डोळे मिटायचे, आत वळणापर्यंत फिरवायचे. "माप चुकंल, करंगळी चुकत न्हाई," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले.

तोंड तर असं की विचारू नका. एकदा एक गिऱ्हाईक आलं, गळ्यात सोन्याची साखळी, जुनी गाडी हौसेने नवी करून घेणारं. म्हणालं, "मामा, आतून एकदम आरशासारखं चकाचक करा." मामांनी त्याला वरून खाली बघितलं. "आरसा लागतोय तर न्हाव्याकडं जा. हितं पेट्रोल जातंय, नवरदेव न्हाई." ते गिऱ्हाईक गेलं ते परत आलंच नाही. मी म्हटलं, "मामा, अशानं शेडला कुलूप लागंल." तर माझ्यावरच उखडले. हवा जाणारी वाट जराशी खरखरीतच पाहिजे, गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब बसून राहतात, एवढंही कळत नसेल तर लेथ विकून पापड लाट म्हणाले. मीही सोडलं नाही. पापड लाटायला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल लागते म्हटलं. त्या दिवशी चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि किटलीत करंगळी घातली.

पण खरी डोक्याला कटकट वेगळीच होती. मशीनवर माझा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरतोय, हत्यार लागलंय, आणि पलीकडून हाक. "ए बाई! इकडं ये."

"मामा, कामात हाय मी."

"ये म्हणलं ना! करंगळी घाल ह्याच्यात. सांग, कुठं अडायलंय?"

मी चरफडत जायची. घालायची. म्हणायची, वरच्या अंगाला, वळणाच्या अलीकडे. मामा खूण करायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. "पुन्हा घाल," म्हणायचे. पुन्हा घालायची. तेच सांगायची. मग ते दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायचे. पंक्चरवाला, टायरवाला, रस्त्याने जाणारा पोस्टमन. एकदा तर रिक्षाची वाट बघणाऱ्या एका बँकेतल्या बाईंना बोलावलं, आणि त्या बिचाऱ्या पर्स काखेत मारून ट्रकच्या हेडमध्ये करंगळी फिरवत होत्या. दोघांचं उत्तर एक आलं की मामा खडूने खूण करायचे आणि ग्राइंडर चालू. आम्हाला वाटायचं, म्हातारा परीक्षा घेतो. आपण किती अडाणी आहोत ते दाखवतो. आणि स्वतः कसे उभे राहायचे, तर उजवा पंजा डाव्या काखेत दाबून, फडात उतरलेल्या पैलवानासारखे. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

एका साली पावसाळ्यात वालूरचे एक गुरुजी हेड घेऊन आले. निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट, बोलणं हळू. हेड गोधडीत गुंडाळलं होतं, आणि चांगलं हातभर लांब, एका रांगेत सहा सिलिंडरचं. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात एक पेट्रोलची जीप घेतली होती. त्यांच्या वस्तीतली ती पहिली गाडी. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे तीच असायची, वडील चालवायचे आणि तसबीर बॉनेटवर असायची. वडील गेले आणि गाडी गोठ्यात गेली. आता पुढच्या जयंतीला ती परत स्वतःच्या पायावर चालवायची, ढकलून नाही, असं गुरुजींच्या मनाने घेतलं होतं.

"मामा, एक सांगतो," गुरुजी म्हणाले, "दुसरं हेड मिळत नाही. पार मुंबईच्या भंगारापर्यंत शोधलं. हे आहे तेच."

मामांनी गोधडी बाजूला केली. माणसाचा चेहरा असा उजळलेला मी तोवर पाहिला नव्हता. "सहा भाऊ हायेत, गुरुजी. एका ताटात जेवणारे. एकाला जास्त आन् एकाला कमी, असं चालायचं न्हाई. सारखं वाढतो मी."

हवा आत घेणाऱ्या सहांपैकी चार पोर्ट झाले. प्रत्येकाला आमची वरात निघायची. मी, पंक्चरवाला, पोस्टमन. "पुन्हा घाल." चिडचिड व्हायची, पण काम बघून वाटायचं, वा! चारही आतून असे एकसारखे की डोळे बांधून कोणता कोणता ते सांगता येऊ नये.

मग पोळा आला. आमची ओळ पोळ्याला बंद असते. ज्याचं त्याचं गाव, ज्याचा त्याचा बैल. मी पेडगावला मावशीकडे गेले. मामांचं गाव नाही, बैल नाही. ते शेडवर आले आणि एकटेच पाचव्या पोर्टला बसले.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढतेय तर मामा हेडपाशी उकिडवे बसलेले. हेडमध्ये पाणी भरलेलं. आणि पाचव्या पोर्टच्या भिंतीतून पाणी बाहेर येत होतं. बारीकसं, नुसतं ओघळ म्हणावं एवढं.

"मामा, हे काय केलं?"

"अडायलंय वाटलं."

"काय अडायलंय? हात लावला तरी कळतंय, किती खोल गेलाय! करंगळीला कळलं न्हाई का?"

मी परत तेच विचारलं, या खेपेला सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात. तेव्हा त्यांनी उजवा पंजा काखेतून काढला आणि माझ्यापुढे धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही पांढरीफटक. शाडूच्या मातीची असावीत तशी.

"मेलंय ते," मामा म्हणाले. "लय दिवस झाले. ग्राइंडर धरून धरून. आधी मुंग्या यायच्या, आता त्या बी येत न्हाईत."

मला कळायला वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. किटलीत चटका का बसत नव्हता ते कळलं. पंजा काखेत का असायचा ते कळलं. पैलवानकी कसली, गारठलेलं बोट उबेला धरायचे. आणि ती परीक्षा! परीक्षा नव्हतीच. मामांना स्वतःलाच काही कळत नव्हतं. म्हणून आम्हाला विचारायचे, म्हणून परत घालायला लावायचे, म्हणून दोघांचं एक आलं की मगच खडू. इतकी वर्षं त्या माणसाने आमच्या करंगळ्यांवर काम केलं, आणि वर आम्हालाच अडाणी ठरवलं.

तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, सोडून द्यावं. मी नाही सोडलं. तोंडाला येईल ते बोलले. "लाज वाटत न्हाई? त्या गुरुजींचं एकुलतं एक हेड! आमची बोटं पाहिजे होती तर सरळ मागायची होती!"

"रोजच तर मागत होतो," मामा म्हणाले.

"तसं न्हाई! खरं सांगून!"

"खरं सांगितलं आस्तं तर हेड कोण दिलं आस्तं मला? तू दिली आस्तीस?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं गणित. पण मूठ झाकायला माझा हात वापरला ना त्यांनी! तो राग माझ्या हक्काचा आहे.

गुरुजी आले. मामांनी आडपडदा ठेवला नाही, उभे राहून म्हणाले, "फोडलं मी. बोट मेलंय माझं, कुणाला सांगितलं न्हाई." मला वाटलं आता गुरुजी भडकतील. भडकायला पाहिजे होते. ते खाली बसले, ओल्या भिंतीवरून हात फिरवला. मग विचारलं, "काही करता येईल का?" इतक्या हळू विचारलं की मला त्यांचाही राग आला.

करता येत होतं. बीड ठिसूळ, नुसता वेल्डिंगचा टाका मारला तर दुसरीकडे तडकतं. कोळशाची भट्टी लावून अख्खं हेड तापवायचं, भोकात पितळ भरायचं, आणि राखेत पुरून हळूहळू निवू द्यायचं. मामांनी ते केलं, भट्टीपासून उठले नाहीत. राखेतून हेड काढलं, पाणी भरलं, आम्ही तिघं भिंतीकडे टक लावून बसलो. थेंब आला नाही. पण आता तो पितळाचा उंचवटा घासायचा होता, कागदाएवढी भिंत शिल्लक ठेवून. गुरुजी मामांना म्हणाले, "तुम्हीच करा." मामांनी माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही, पहिल्यांदाच.

मीच गेले. हात धुतला, करंगळी घातली. मामा जरासं घासायचे आणि थांबायचे, मी चाचपायची. "आहे अजून. खालच्या अंगाला." जरासं घासायचे. "आहे." आता त्यांना पुन्हा घाल म्हणायची गरज नव्हती, मीच पुन्हा घालत होते. चौथ्या पोर्टमध्ये, मग पाचव्यात, मग परत चौथ्यात. शेवटी मी म्हटलं, "बास." मामांनी तत्क्षणी हात उचलला. माझ्या एका शब्दावर त्या हट्टी माणसाने हात उचलला, आणि मला रडूच फुटायला लागलं, म्हणून मी शेडबाहेर जाऊन पंक्चरवाल्याशी उगाच भांडले.

सहावाही तसाच केला. तो झाल्यावर मामांनी ग्राइंडर पुसलं, माझ्या लेथवर आणून ठेवलं आणि शेडला कुलूप लावून मानवतला लेकीकडे गेले. येतो म्हणाले नाहीत, जातो म्हणाले नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

जयंतीला जीप वालूरभर फिरली. ढकलावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी ती घेऊन माझ्या शेडवर आले. म्हणाले, "ताई, बसा. मामांना दाखवून येऊ." आम्ही मानवतला गेलो, लेकीच्या दारात गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. सहाही भाऊ एका सुरात, कुणी उपाशी नाही. लेक बाहेर आली, पदराला हात पुसत म्हणाली, "झोपलेत."

झोपलेत! सहा सिलिंडर दारात गुरगुरतायत, अख्खी गल्ली गोळा झाली, आणि ज्याने त्यात जीव ओतला तो झोपलाय! मी रस्त्यातून ओरडले, "मामा, बाहेर या! ऐका तरी!" खिडकीचं एक दार जरासं हललं. कुणी आलं नाही. गुरुजींनी थोडा वेळ वाट बघितली आणि गाडी वळवली.

शेडवर आले ती धुमसतच. स्टोव्ह पेटवला, चहा टाकला, किटलीत ओतला. कपात ओतायला गेले तर धार येईना, थेंब थेंब. काही विचार न करता मी तोटीत करंगळी घातली.

आई गं! डोळ्यांपुढे काजवे चमकले. किटली आपटली, चहा लेथवर, फरशीवर, सगळीकडे. पिंपात बोट बुडवून उभी राहिले तरी आग थांबेना. एवढा चटका, आणि या माणसाला रोज, माझ्या डोळ्यांदेखत, काहीच कळत नव्हतं. शेजारच्या कुलूप लावलेल्या शेडकडे तोंड करून मी मामांना अशी सणसणीत शिवी हासडली, की पंक्चरवाला धावत आला आणि विचारायला लागला, "ताई, मामा आले का?"